हलकं बास हेड कॅबिनेटवरून सरकते, काय करू जी?

चारतारवाला (वडसा)

राम राम मंडळी. मी इकडे वडसा साइडला बास वाजवतो, दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं, बाकी टायमाले लग्नं, जयंतीचे प्रोग्राम, जे मिळन ते. बास गिटार आमच्या भागात अजून नवीनच आयटम आहे, लोकं जवळ येऊन विचारतात की भाऊ बाकीच्या दोन तारा तुटल्या का. असो.

यंदा जुनं जड अँप विकलं अन् क्लास डी वालं (हलक्या सर्किटचं) हेड, म्हणजे नुसता अँपचा डबा, घेतलं. वजन अडीच किलो, म्हणजे पोराच्या दप्तरापेक्षा हलकं, पाठीवर टाकून फटफटीवर नेता येते म्हणून मी लय खुश. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, जुनंच आहे, दहा इंची चार स्पीकरचं, वरून काळं रेक्झिन. दसऱ्याच्या पुजेत हेड त्याच्यावर मांडलं, हार घातला, तेव्हा तं जोडी अशी चमकत होती की काय सांगू. अन् आता मंडयांचा (दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा) सीझन सुरू झाला तं तेच हेड एका जागी बसून नाही रायलं. खालची ई तार धरून दोन-चार मिनिटं वाजवलं की ते गोगलगायीसारखं मागं मागं चाललं. एक हात तारेवर, एक डोळा हेडवर, अन् हिरोच्या एंट्रीचा इशारा चुकला की मग डायरेक्टरच्या शिव्या.

परवा अर्जुनीकडच्या एका गावात होतो. धानाची बांधी कापून रिकामी झालेली, तिथंच मंडप, आम्ही वाजवणारे स्टेजच्या पुढ्यात खाली, कॅबिनेट दोन तखतांवर ठेवलेलं. रात्रीचे अडीच वाजले असतीन, हिरोईन मरून रायली, बाया पदरानं डोळे पुसून रायल्या, ऑर्गनवाल्या भाऊंनी असा करुण धरला होता की माझ्याही गळ्यात आलं, मी खाली एक लांब नोट दाबली अन् हेड धाडदिशी तखतामागं. मेलेल्या हिरोईननं डोळे उघडून पाह्यलं. पब्लिक हसलं नाही हेच नशीब.

केबलच्या गुंडाळीवर पडलं म्हणून वाचलं, एक कोपरा चेपला, वाजते बरोबर. पण आता भरवसा उडाला. स्क्रू मारायचा नाही कारण हेड वॉरंटीत आहे. पंखा बाजूनं आहे, खालून बारीक चिरा आहेत हवेसाठी. अन् पहाटे टेम्पो भरताना पाच मिनिटात सुटलं पायजे, जास्त नाटकं नको. हलक्या हेडवाले लोकं काय करता तुम्ही?

बोंडअळी

दावं बांधा भाऊ. एक गाठ कॅबिनेटच्या मुठीले, एक हेडच्या गळ्यात. खुंटा मोडला तरी हेड जात नाही, आमचा गोऱ्हा गवाही आहे.

की-बोर्डवाली (अमरावती)

दादा वरच्यांचं मनावर नका घेऊ. किचन ट्रॉलीत भांडी सरकू नये म्हणून जी जाळीची मऊ मॅट अंथरतात ना, भोकाभोकाची, भांड्यांच्या नाहीतर फर्निचरच्या दुकानात रोलमध्ये मिळते, ती आणा. कात्रीने कापा, हेडखाली ठेवा, संपलं. चिकटवायचं काहीच नाही, पहाटे गुंडाळून खिशात. माझ्याकडे कीबोर्ड स्टँडच्या दांड्यांवर चार वर्षांपासून तेच आहे, आणि कीबोर्ड तर मी चांगला दणकून वाजवते.

एकच सांगते, पूर्ण मॅट खाली पसरवू नका. तुमच्या हेडला खालून चिरा आहेत म्हणता, मॅट मऊ असते, पाय त्यात थोडे रुततात, हेड खाली बसते आणि हवेची जागा कमी होते. चार पायांखाली चार तुकडे टाका, नाहीतर पुढं एक पट्टी मागं एक पट्टी. मधला भाग मोकळा.

साउंडवाले_काका (वर्धा)

हलकं घेतलं तं असं होणारच बाबू. मी नागपूरला साउंडवर हेल्पर होतो तेव्हा एका बाहेरच्या बँडसोबत अँपेग कंपनीचं एसव्हीटी नावाचं बास हेड आलं होतं. ते मॉडेल १९६९ चं, ३०० वॉट, आत १४ व्हॉल्व, वजन ३५ किलोच्या वर. दोघांनी उचलून कॅबिनेटवर ठेवलं, मग त्याले कोणी हात नाही लावला. भूकंप आला असता तं आम्ही हललो असतो, ते नसतं हललं. आता तुम्ही पोट्टे हलकं पायजे हलकं पायजे करता, मग सरकलं की रडता.

पण इलाज सांगतो. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आण, उभी चिर, आतली पावडर साबणानं धू, नाही तं ती पावडरच घसरवते. बोटभर रुंद दोन पट्ट्या कर अन् हेडच्या पायाखाली आडव्या टाक. फुकटचं काम. ट्रॅक्टरची ट्यूब असन तं अजून बरी, जाड असते. तोटा एकच, उन्हाळ्यात काळा डाग पडते, पण तुझं रेक्झिन काळंच आहे.

अकोल्याचा_रॉकर

वेल्क्रो लावा ना, विषय संपला. हेडच्या पायाजवळ काटेवाली बाजू चिकटवायची, कॅबिनेटवर मऊ बाजू. ज्यांच्या कॅबिनेटवर गालिच्यासारखं कापड असते त्यांना तर मऊ बाजू लागतच नाही, काटे सरळ कापडालाच धरतात. माझं तसंच आहे, पूर्ण कॅबिनेट तिरपं केलं तरी हेड पडत नाही.

साउंडवाले_काका (वर्धा)

अकोल्याले राहून वेल्क्रो सांगून रायला? मे महिन्यात तुझ्या गावात ४५ डिग्री होते. बंद टेम्पोत कॅबिनेट ठेवून पाह्य, वेल्क्रोच्या मागचा गोंद गुळाच्या पाकावानी वाहते. मग हेड वेल्क्रोले चिकटून असते अन् वेल्क्रो कॅबिनेटवर तरंगत असते, दोघंही मिळून खाली. वरून चिकट्याले धूळ लागते ते वेगळंच.

अकोल्याचा_रॉकर

काका माझं कॅबिनेट एसी रूममध्ये राहते 🙂

साउंडवाले_काका (वर्धा)

मग बाबू तुले कायचा प्रॉब्लेम.

फिजिक्सचा_मास्तर (यवतमाळ)

काका, वजनाबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाही. मी शाळेत शिकवतो आणि रविवारी भजनात बास वाजवतो म्हणून दोन्हीकडून सांगू शकतो, थोडं लांबेल.

कॅबिनेट थरथरलं की हेडला हलवणारा जोर हेडच्या वजनाच्या प्रमाणात असतो. आणि त्याला धरून ठेवणारं घर्षण, तेही वजनाच्याच प्रमाणात. दोन्हीकडून वजन कटते. म्हणजे नुसत्या थरथरीने सरकायचं असेल तर अडीच किलोचं आणि पस्तीस किलोचं हेड, दोघांचे पाय सारखे असतील तर, एकाच वेळी सरकायला पाहिजे. जड हेडचा एक फायदा नक्की आहे, ते वरच्या फळीवर दाबून बसते त्यामुळे फळीच कमी थरथरते. पण खरा फरक तिथं नाहीच.

फरक आहे केबलमध्ये. केबलच्या ओढीला हेडच्या वजनाशी काही घेणंदेणं नाही. समजा रबरी पाय आणि रेक्झिन यांचं घर्षण साधारण ०.३५ धरलं. अडीच किलोचं हेड सरकवायला जेमतेम पाऊण-एक किलोची ओढ लागेल. ३८ किलोचं हेड सरकवायला तेरा किलोच्या वर. आता मागून लोंबणारी जाड स्पीकर केबल, पुढून गिटारची केबल, बाजूने वीजेची वायर, आणि त्यातली एखादी कडक होऊन स्प्रिंगसारखी ताणलेली, एवढी ओढ सहज होते. जुन्या हेडलाही तीच केबल ओढत होती, पण ते तिला भीक घालत नव्हतं.

मग थरथरीचं काम काय तर पाय सैल करणं. बासची खालची ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. ४१ हर्ट्झला वरची फळी फक्त ०.१५ मिलिमीटर वरखाली झाली, म्हणजे दीड कागदाच्या जाडीएवढी, तरी त्या झटक्याची ताकद गुरुत्वाकर्षणाएवढी होते. पायावरचा दाब क्षणभर जवळपास शून्य. तेवढ्या क्षणात केबल त्याला केसभर ओढते, परत सोडते, परत ओढते, सेकंदाला ४१ वेळा. म्हणून ते एकदम पडत नाही, तुम्ही म्हणता तसं गोगलगायीसारखं चालते आणि नेहमी एकाच दिशेला. तुमचं मागं सरकते म्हणालात ना? स्पीकरची केबल मागून लोंबत असणार.

आता एक काम करा. बाजारात मच्छी तोलायचा हुकवाला काटा असतो, ताणकाटा. तो हेडला दोरीने अडकवा, सगळ्या केबली काढा, कॅबिनेटवर ठेवून हळूहळू आडवं ओढा, ज्या आकड्याला सरकलं तो इथं लिहा.

बोंडअळी

मास्तर, आम्ही शाळेत असताना तुम्ही असं मच्छीच्या काट्यानं शिकवलं असतं तं मी आज इंजिनियर असतो.

रंधा_पटाशी (गोंदिया)

मी सुतार आहे जी, बँडवाल्यांचे दोन-तीन कॅबिनेट बनवले. मॅट, ट्यूब ठीक आहे पण माझं मत असं की वस्तू पडू नये म्हणून काठ पायजे, जसा चौरंगाले असते. सागाची अर्धा इंच उंच पट्टी घ्यायची, कॅबिनेटच्या वर मागच्या काठाले अन् दोन बाजूले लावायची, स्क्रू कॅबिनेटले, हेडले नाही, म्हणजे तुमची वॉरंटी शाबूत. पुढची बाजू उघडी ठेवायची, तिकडून हेड सरकवून आत. रेक्झिन लावून घेतलं की दिसतही नाही.

फक्त पंख्याच्या बाजूले पट्टी उंच नको अन् हेडले अगदी चिकटून नको, दोन बोटं जागा सोडा, नाही तं गरम हवा परत आतच जाईन. अन् स्क्रूचं टोक कॅबिनेटच्या आत निघालं तं तिथून हवा गळते अन् फुसफुस आवाज येते, म्हणून लहान स्क्रू अन् फेव्हिकॉल. घाईत छेद पाडू नका, एकाचं कॅबिनेट मी असंच बिघडवलं होतं अन् मग फुकट दुरुस्त करून द्यावं लागलं.

चारतारवाला (वडसा)

सगळ्यांचे आभार जी. काल आठवडी बाजार होता, मच्छीवाल्या मावशीले काटा मागितला तं म्हणे कायले पायजे, म्हटलं गिटारचं डबडं ओढून पाहाचं आहे, तिनं माझ्याकडे असं पाह्यलं की बिचारा पोट्टा चांगला होता. पण दिला.

मास्तर सर, मागून लोंबते म्हणून तुम्ही बरोबर ओळखलं, स्पीकरची केबल पाच मीटरची आहे, पायजे होती दीड मीटर, उरलेली मागं तखताखाली लोंबते. स्पीकॉन पिनवाली आहे, फिरवून टक करून लॉक होते, म्हणजे ओढ बसली तं सुटतही नाही, पुरी ओढ हेडवरच.

आता आकडा. केबली काढून, हेड कॅबिनेटवर, हळूहळू ओढलं. ४०० ग्रॅम. तीनदा ओढलं, एकदा ३८०, दोनदा ४००. सर हे तं तुमच्या पाऊण किलोपेक्षा अर्धंच झालं. काटा खराब आहे का म्हणून मावशीले विचारलं नाही, जीव प्यारा आहे.

फिजिक्सचा_मास्तर (यवतमाळ)

काटा बरोबर असावा. ४०० ला २५०० ने भागलं की ०.१६. रबर आणि रेक्झिनमध्ये इतकं कमी घर्षण येत नाही, तेल लावल्यासारखा आकडा आहे हा. एक तर हेडचे पाय रबराचे नाहीत, कडक प्लास्टिकचे आहेत, नख दाबून बघा रुतते का. नाहीतर रेक्झिनवर काहीतरी लागलेलं आहे. कोणी काही फासलं का त्यावर?

की-बोर्डवाली (अमरावती)

दादा तुम्हीच वर लिहिलं ना, दसऱ्याला जोडी चमकत होती म्हणून. कशानं चमकत होती?

चारतारवाला (वडसा)

अरे बाप्पा.

ताई तुमचे पाय कुठं आहेत. पायाचं विचारलं तं पाय रबराचेच आहेत, नख रुतते. पण आमच्यासोबत सामान उचलाले एक पोट्टा असते, दिवसा तो गाड्या धुवायच्या सेंटरवर कामाले आहे. आता त्याले फोन लावला. दसऱ्याच्या दिवशी सगळं सामान पुजेसाठी चमकवाचं म्हणून त्यानं तिथून डॅशबोर्ड पॉलिशची बाटली आणली होती अन् कॅबिनेट, ऑर्गनचा डबा, तबल्याची बॅग, सगळं घासून काढलं. म्हणे भाऊ तुम्हीच तं म्हणाले होते लय भारी दिसते. म्हणालो होतो ना मी. त्याले शाबासकी म्हणून चहा-समोसा पण दिला होता.

म्हणजे मी पंधरा दिवसांपासून हेडले शिव्या देऊन रायलो, कंपनीले शिव्या देऊन रायलो.

साउंडवाले_काका (वर्धा)

डॅशबोर्ड पॉलिश म्हणजे सिलिकॉन. तुझं हेड काय, त्याच्यावर माशी बसली तं ती पण सरकन.

नुसत्या फडक्यानं निघत नाही ते. कोमट पाण्यात भांड्याचा साबण, मऊ फडकं, दोनदा धू, मग साध्या पाण्यानं पुस, पूर्ण वाळू दे. पाणी कॅबिनेटच्या जोडात अन् मागच्या प्लेटमध्ये जाऊ देऊ नको, फडकं पिळून घे. अन् हेडचे पाय विसरू नको, त्यालेही तेच लागलं आहे. पायाले मेडिकलमधलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसलं तरी चालते, रेक्झिनले स्पिरिट नको, रंग सोडते. ऑर्गनवाल्याले पण सांगून दे, त्याचा डबा कोणाच्या हातातून निसटला तं मोठा खर्च आहे.

फिजिक्सचा_मास्तर (यवतमाळ)

की-बोर्डवाली ताईंना दहापैकी दहा. मी आकडे बघत बसलो आणि उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये होतं.

धुतल्यावर परत ओढून बघा. आणि मग मॅट टाकून तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे द्या, माझ्या नववीच्या पोरांना दाखवतो.

विदर्भ_बासिस्ट

मधात बोलतो. मी हेड कॅबिनेटवर ठेवतच नाही. बाजूला एक लहान स्टूल, त्यावर हेड. थरथर नाही, सरकणं नाही, नॉबही हाताशी.

चारतारवाला (वडसा)

भाऊ तुमच्याकडे जागा असन. आमच्याकडे तबलेवाला, ऑक्टोपॅडवाला, ऑर्गन, मी, अन् चहाची किटली, सगळे एका तखताच्या अंतरात. स्टूल ठेवलं तं त्याच्यावर दहा मिनिटात कोणी तरी बसलेला असते.

बोंडअळी

हेड स्टुलावर ठेवा अन् वर लिहा, येथे बसू नये, करंट आहे.

अकोल्याचा_रॉकर

मला एक शंका आहे, वर सगळे केबल केबल करून राहिले म्हणून विचारतो. पाच मीटरची लांब वाटते तर मधात मी गिटारचीच एक लहान केबल स्पीकरला लावतो, दोन्हीकडे जॅक सारखाच आहे. चालते ना?

साउंडवाले_काका (वर्धा)

नाही चालत. अजिबात नाही. जॅक सारखा दिसते पण आतली तार केसाएवढी असते, ती सिग्नलसाठी असते. स्पीकरले करंट जाते, ती तार गरम होते, आवाज दबते, अन् एखाद दिवशी आतल्या आत शॉर्ट होऊन तुझं हेडच जाते. स्पीकरले जाड दोन तारांची केबल, हे पाठ करून ठेव. तुझ्या एसी रूममध्ये पण हाच नियम आहे.

अकोल्याचा_रॉकर

बरं झालं विचारलं. आजच बदलतो काका.

चारतारवाला (वडसा)

आकडे आणले सर.

पॉलिशसकट: ४०० ग्रॅम. साबणानं दोनदा धुऊन, पाय स्पिरिटनं पुसून, एक रात्र वाळवून: १ किलो १००. ताईंनी सांगितलेली जाळीची मॅट पायाखाली टाकून: २ किलो १००, अन् तेव्हाही हेड सरकलं नाही, मॅटचाच एक तुकडा गोळा झाला.

मॅट वडस्यातच भांड्याच्या दुकानात भेटली. दुकानदारानं विचारलं किती मीटर, म्हटलं चार चौकोन. त्यानं अर्धा मीटर गळ्यात मारली, उरलेली बायकोनं डब्यांच्या फळीवर अंथरली, घरातही वट वाढला.

फिजिक्सचा_मास्तर (यवतमाळ)

म्हणजे ०.१६, ०.४४ आणि ०.८४. फार सुंदर आकडे आले, मी स्वतः असे काढू शकलो नसतो.

पण इथं थांबू नका. मॅटमुळे धरायची ताकद वाढली, ओढणारा अजून तिथंच आहे. कॅबिनेटच्या बाजूला मूठ असते, स्पीकरची केबल स्पीकॉनपासून आधी त्या मुठीत एक वेढा देऊन घ्या, हेड आणि मूठ यांच्यामध्ये वीतभर सैल झोळ ठेवा. मग पाच मीटरचं लोंबणारं वजन मुठीवर, हेडवर फक्त वीतभर केबल. जमलं तर दीड मीटरची केबल करून घ्या. गिटारच्या केबललाही तसंच, आधी गिटारच्या गळ्यातल्या पट्ट्यातून घ्या, मग मुठीतून, मग हेडला. पायात अडकली तर मूठ झटका खाईल, हेडचं सॉकेट नाही. सॉकेट तुटलं तर दुरुस्तीला हेड उघडावं लागते, ते या पडण्यापेक्षा महाग आहे.

रंधा_पटाशी (गोंदिया)

सर बरोबर बोलले. अन् कॅबिनेट तखतावर सपाट आहे का तेही पाहा, बांधीत जमीन कधी सपाट नसते. कमी पडणाऱ्या पायाखाली पाचर ठोका, वीट नको, वीट थरथरीनं सरकते.

झोपाळू_तबलजी (साकोली)

एक गोष्ट कोणीच नाही बोललं. नाटक सुरू होते रात्री दहाले अन् संपते उजाडता उजाडता. डिसेंबर-जानेवारीत तीन-चारच्या टायमाले दव पडते, मंडपाच्या कापडातून खाली येते, तबल्याची शाई ओली होते म्हणून मी दर अंकाले फडकं फिरवतो. तेच दव तुमच्या रेक्झिनवर बसते. संध्याकाळी काट्यानं काढलेला आकडा पहाटे चारले राहाणार नाही. खिशात कोरडं फडकं ठेवा, अंक पडला की हेड उचला, खालून पुसा, परत ठेवा. उघड्या मंडपात इलेक्ट्रॉनिक वस्तूवर वरून पण काही तरी झाका, पण पंख्याले मोकळं सोडून.

चारतारवाला (वडसा)

तबलजी भाऊ ही खरी आमच्या भागाची गोष्ट सांगितली. हिरोईन मेली तेव्हा पण अडीच-तीनचाच टाइम होता, पॉलिश, दव अन् केबल, तिघांनी मिळून काम दाखवलं.

आज रात्री प्रोग्राम आहे, सांगतो उद्या.

बोंडअळी

आज हिरोईन मरते का त्याच्यावर लक्ष ठेवा.

चारतारवाला (वडसा)

आत्ताच घरी पोचलो, सकाळचे सात वाजले, झोपाच्या आधी लिहून टाकतो.

हेड जागच्या जागी. मी पायाच्या भोवती खडूनं रेघ मारून ठेवली होती, पहाटे टॉर्च मारून पाह्यलं, रेघेच्या आतच. मधात एक अंक तं पूर्ण खालच्या तारेवरच होता, डाकूचा सीन, मुद्दाम दाबून वाजवलं. तबलजी भाऊचं ऐकून दोनदा पुसलं, दुसऱ्या वेळी फडकं खरंच ओलं निघालं, मले वाटलं नव्हतं.

केबलीचा किस्सा वेगळाच झाला. साडेतीनच्या टायमाले गाणं संपलं अन् ऑर्गनवाले भाऊ अंधारात उठले, लघवीले चालले असतीन, त्यांचा पाय बरोबर माझ्या गिटारच्या केबलीत. आधीसारखं असतं तं हेड त्यांच्या मागं मागं मंडपाबाहेर गेलं असतं. मुठीनं झटका खाल्ला, कॅबिनेट करकरलं, माझ्या गळ्यातला पट्टा ओढल्या गेला, हेडची रेघ नाही मोडली. भाऊ पडता पडता वाचले, मले दोन शब्द बोलले, मी पण बोललो, मग चहा पिलो.

दीड मीटरची केबल ब्रह्मपुरीहून करून आणतो पुढच्या हप्त्यात. सागाची पट्टी सीझन संपल्यावर, गोंदियावाले भाऊ, तुमच्याकडेच आणतो कॅबिनेट, रेक्झिन पण बदलाचं आहे.

अन् ताई, ऑर्गनवाल्या भाऊंनी विचारलं की त्यांचं पायाचं पेडल सारखं पुढं पळते, त्याच्याखाली हीच मॅट चालन का? मी घरच्या डब्यांच्या फळीवरून एक तुकडा कापून देतो म्हणालो आहे, बायकोले अजून सांगितलं नाही.

की-बोर्डवाली (अमरावती)

चालते, मी पण तेच करते, फक्त माती आधी झटकायला सांगा, धुळीत मॅट पण घसरते. आणि दादा, डब्याच्या फळीवरची कापू नका, नवीन अर्धा मीटर आणा.